खळ दिलेली पुरचुंडी

मित्रांनो, बिलियर्ड खेळणाऱ्यांच्या हाताला पावडर लावणारी पुरचुंडी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसणारच. लोक टेबल बघतात, रंगीत चेंडू बघतात. कोपऱ्यात खिळ्याला टांगलेल्या माझ्याकडे बघायला कुणाला सवड असते? पण मी आहे, आणि आता पुष्कळ जुनी झाले आहे.

भिंगारला छावणीच्या कडेला एक क्लब होता. तिथे इसहाक मार्कर होता. मार्कर म्हणजे टेबल झाडून ठेवणारा, साहेबलोकांचे गुण पाटीवर मांडणारा आणि कुणी चुकलं तर हळूच शिकवणारा माणूस. त्यानेच मला शिवलं. त्याचा मलमलीचा एक सदरा धुऊन धुऊन अगदी विरला होता. त्याच्या पाठीचा तुकडा त्याने दुहेरी केला, आत शंखजिऱ्याची बारीक पूड भरली आणि तोंड शिवून टाकलं. मला तळहातावर हलकेच आपटलं की विरलेल्या कापडातून पूड झिरपायची. मग डावा हात टेबलाच्या हिरव्या बनातीवर टेकवायचा, अंगठा उचलून खोबण करायची आणि त्या खोबणीतून काठी सरकवायची. माझी पूड असली की काठी लोण्यातून जावी तशी जायची. पाहुणे म्हणायचे, "वा, काय गुळगुळीत!" ते काठीला म्हणायचे, पण मला आपलं बरं वाटायचं.

इसहाकच्या हाताला फार घाम यायचा. म्हणून माझ्यावाचून त्याचं पान हलत नसे. वर्षभर तो दुसऱ्यांच्या खेळाचे गुण मांडायचा. स्वतः खेळायचा तो फक्त नाताळच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मार्करने पाहुण्याशी एक डाव खेळायचा, अशी तिथली जुनी रीत होती. त्या एका डावासाठी तो वर्ष काढायचा.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, बाजार ओस पडला, क्लबात येणारेही पांगले. टेबल पुण्याच्या एका क्लबाला विकायचं ठरलं. तिथले मेजरसाहेब ते बघायला नाताळात येणार होते. इसहाकशी डाव तेच खेळणार होते. सेक्रेटरीसाहेब इसहाकला म्हणाले, "चांगला खेळलास तर टेबलाबरोबर तुलाही घेऊन जातील. राहायला खोली देतात. नाहीतर इथं आता काही उरलेलं नाही."

क्लबातलं शंखजिरं संपलं होतं आणि नवं कुणी मागवत नव्हतं. होतं तेवढं माझ्याच पोटात. म्हणून नाताळच्या सकाळी इसहाकने मला जपून घरी नेलं. मित्रांनो, त्याच्या बायकोची, म्हणजे मार्थाची, आणि माझी ती पहिली भेट.

तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं. मी मळले होते, हे मलाही माहीत होतं.

"अवो, ही असली कळकट चिंधी घेऊन पुन्याच्या सायबाफुडं उबं ऱ्हानार तुमी?"

"असू दे गं. तिचं काम मळकंच हाय."

एवढं बोलून इसहाक ख्रिस्ती देवळातल्या मंडळींबरोबर गाणी म्हणत घरोघर फिरायला गेला. एवढंच बोलला. आणखी दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्या घरात कित्येक महिन्यांनी भात शिजला होता. एरवी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. भाताची पेज मार्थाने स्वतःला पिण्यासाठी बाजूला काढली होती. तिने वाटी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी परत खाली ठेवली. देवळात जायचे पांढरे कपडे ती नेहमी खळ देऊन कडक करायची. साऱ्या आळीत तिच्यासारखी खळ कुणाची नसे. तिने माझी शिवण उसवली, पूड कागदावर काढली, टँकरच्या मोजक्या पाण्यातलं पाणी खर्चून मला धुतलं आणि त्या पेजेत बुडवलं. चुलीजवळच्या दोरीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोट्यात निखारे घालून माझ्यावर इस्त्री फिरवली, पूड भरली आणि घट्ट टाके घातले. मी वरून पापडासारखी कडक झाले होते. आतल्या घडीत मात्र ओल तशीच होती, आणि पूड तिथे गोळा होऊ लागली होती.

"आता बगा कशी नवरीवानी दिसतीया," ती म्हणाली.

इसहाकने मला हातात घेतलं. त्याच्या बोटांना तेव्हाच कळलं, मित्रांनो. मला ती बोटं ओळखीची होती. त्याने मार्थाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "झ्याक झालीया."

क्लबात मेजरसाहेब हसतमुख होते. डाव सुरू झाला. इसहाकने मला तळहातावर आपटलं. पूड पडली नाही. पुन्हा जोरात आपटलं. त्याच्या घामाने माझी खळ तेवढी सुटली आणि हाताला चिकटली. काठी खोबणीत अडखळली, चेंडू भलतीकडेच गेला. त्याने हात विजारीला पुसला. पुन्हा घाम, पुन्हा तेच. क्लबातला वाढपी गोरक्षनाथ पाणी घेऊन आला. त्याने मला चाचपलं आणि कुजबुजला, "इसहाकभाऊ, हिला खळ दिली का काय कुनी? सांग की सायबाला. दुसरी पावडर बगू कुटं गावती का."

"गप ऱ्हा," इसहाक म्हणाला. "उद्या गावभर व्हईल. मार्थाच्या कानावर जाता कामा न्हाई."

तो हरला. थोडाथोडका नव्हे, बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं व्हावं इतका हरला. मेजरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं की हात जातो," ते सेक्रेटरींना म्हणाले. तेही मान हलवून हो म्हणाले.

परतताना कोरड्या ओढ्यात बसून इसहाकने माझे टाके उसवले, गोळे झालेली पूड झटकून टाकली आणि मला खिशात कोंबलं. मार्था दारातच उभी होती.

"काय झालं?"

"हात गेला गं माजा. थरथरतोय."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. मग हळूच म्हणाली, "पुरचुंडी तरी बरी हुती का?"

"लई ग्वाड. पूड सरली समदी, इतकी चालली."

तिला तेवढंच बरं वाटलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुरचुंडीचं कोण ऐकतं?

टेबल लॉरीत चढून पुण्याला गेलं. त्याबरोबर दुसराच मार्कर गेला. इसहाक आणि मार्था दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथे मार्था त्याच्या हातातून हातोडा काढून घेते. "तुमचा हात थरथरतो," म्हणते आणि त्याच्या वाटणीची खडीही तीच फोडते. त्याचा हात कधीच थरथरला नव्हता. तो हातोडा परत मागतो, ती देत नाही. खरं सांगितल्याशिवाय ती देणार तरी कशी? तिच्या तळहातांवरचे फोड मी पाहिले आहेत.

मित्रांनो, कुणाच्या वस्तूवर माया करायची असेल तर आधी तिच्या धन्याला विचारा, हिचं काम काय, हिला काय चालतं. आणि धनी असाल तर विचारायच्या आधीच सांगा. मी यापेक्षा जास्त काय सांगणार?

यंदाही नाताळ आला. मार्थाने नगरच्या बाजारातून शंखजिऱ्याची पुडी आणली होती. तिने मला धुतलं, पेजेत बुडवलं, लोट्याने इस्त्री केली आणि पूड भरून त्याच्या हातात ठेवलं.

"कुनी बोलावलं खेळायला तर असावी," ती म्हणाली. "बगा तरी कशी झालीया."

इसहाकने मला डाव्या तळहातावर आपटलं. एक कणही पडला नाही. त्याने पूड न लागलेली बोटंच एकमेकांवर चोळली.

"लई मऊ," तो म्हणाला.