चौथ्या ढिगाचं नाव

आईने ‘शेजारीण’ लिहिलेलं कार्ड उचललं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि ‘विजेचं बिल’वर ठेवून दिलं.

“ही दोन एकत्र?” लेकीने विचारलं.

“दोन्ही न बोलावता येतात आणि आली की डोकं खातात.”

लेक हसली. माणसं आपल्या गोष्टींचे गट कसे लावतात ते बघायचं आणि त्यावरून फोनमधले कप्पे ठरवायचे, हे तिचं रोजचं काम. या खोलीत कोणी ना कोणी अनोळखी माणूस येऊन टेबलावर अशीच कार्डं लावून जाई. आज तिने आईला आणलं होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी नवीन ॲप करतोय, तुझी मदत हवी, असं सांगून.

खरं कारण वेगळंच होतं. आईने एवढ्यात दोनदा गॅसवर पातेलं करपवलं होतं, आणि परवा फोनवर चांगलं बोलता बोलता मध्येच विचारलं होतं, “कोण बोलतंय?” डॉक्टरांचं नाव काढलं की ती विषयच तोडून टाकायची. म्हणून ही चोरवाट. कार्डांवर सगळ्या आईच्याच आयुष्यातल्या गोष्टी होत्या. त्यांत एक होतं ‘लेक’. ते हातात आल्यावर आई नुसतीच बघत बसली तर काय करायचं, याची लेकीला सकाळपासून धास्ती होती.

“इथे मी तुझी लेक नाही असं समज,” तिने बसतानाच सांगितलं होतं. “मी मदत करणार नाही. फक्त विचारेन.”

“बरं, बाईसाहेब,” आई म्हणाली होती. सोंग आणण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

‘दूधवाला’ गेला, ‘शिंपी’ गेला. मग ‘लेक’ वर आलं आणि आईचा हात थांबला. तिने कार्ड अंगठ्याने पुसलं. पुन्हा पुसलं.

लेकीला बघवेना. “पाणी आणते,” म्हणत ती उठलीच. बाहेर तिने स्वतःच दोन पेले पाणी प्यायलं, एवढी मोठी घोडी झालीस आणि आईच्या हाताला घाबरतेस, असं स्वतःलाच सुनावलं आणि तिसरा पेला भरून घेऊन परतली.

“या, बसा,” आई म्हणाली.

सगळी कार्डं लागली होती. चार ढीग. चौथ्याच्या वर ‘लेक’ होतं, खाली ‘डॉक्टर’, ‘गॅस बंद करणे’, ‘घराची किल्ली’. एकही कार्ड उरलं नव्हतं. लेकीचा जीव भांड्यात पडला.

शेवटी ढिगांची नावं विचारायची, हा नियम होता. तिने विचारली.

“हा रोजचा. हा कटकटीचा. हा झालं तर झालं, नाही तर नाही.”

“आणि हा चौथा?”

आई पुढे वाकली. तिचा आवाज खाली आला. “हा तिला कळू द्यायचा नाही असा.”

“कोणाला?”

आईने वरच्या कार्डावर बोट ठेवलं. “लेकीला. दारात किल्ली घेऊन उभी राहते मी, आणि आत जायचं होतं की बाहेर, तेच आठवत नाही. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. तिला सांगू नका हं. वरून धीट दाखवते, पण मुलखाची भित्री आहे.”

लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आईची थट्टा कितीही रंगली तरी शेवटी तिच्या ओठाचा डावा कोपरा हलायचाच, आणि मग दोघी हसत सुटायच्या. लेक त्या कोपऱ्याची वाट बघत थांबली. कोपरा हलला नाही, तेव्हा तिने पेला आईपुढे ठेवला.

आईने पाणी घेतलं. पर्स मांडीवर ओढली, घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे.

“येईलच ती मला न्यायला,” ती म्हणाली. “तुम्हाला उशीर होत असेल तर तुम्ही जा.”

“नाही,” लेक म्हणाली. “ती येईपर्यंत मी बसते.”