एमेतेरियोचा निरोप राहिला

आमच्या गावात निरोप घेणं हे अर्ध्या दिवसाचं काम असायचं. दारात उभं राहून "बरं, येते मी" म्हटलं की खरं बोलणं तिथून सुरू. गुडघे, कोंबड्या, माद्रिदला गेलेली मुलं, सगळ्यांचा समाचार झाला की गालाला गाल लावायचे, "घरच्यांना सांग विचारलं म्हणून" म्हणायचं आणि पायरीवर पुन्हा पहिल्यापासून गप्पा. आता मी माद्रिदला राहते. इथे लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडे बघत नुसतं "हं" करतात. मला संताप येतो आणि गावाची फार आठवण येते.

आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे आणायचं ठरलं. गाव सोडणाऱ्यानं घरोघर जाऊन निरोप घ्यायचा, ही आमची रीत. न सांगता गेलेल्याला लोक पुढच्या दोन पिढ्या नावं ठेवतात. बाबा, सातूरियो त्यांचं नाव, इस्त्रीचा शर्ट घालून गावभर फिरले. प्रत्येक घरी वाइनचा घोट, सॉसेजचा तुकडा, रडारड. एकच घर वगळलं, एमेतेरियोचं.

एमेतेरियो त्यांचा लहानपणापासूनचा जिवलग. मळ्याच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि बोलचाल तुटली, ती कायमचीच. चौकातल्या बाकावर मंडळी बसलेली असली तर एमेतेरियो एकेकाचं नाव घेऊन विचारपूस करायचा, आणि बाबांपाशी आला की तिथे कोणी बसलंच नाही असा पुढे जायचा. बाबाही काही कमी नव्हते.

"बाबा, जाऊन या ना," मी म्हटलं. "पुन्हा कधी येणार आहात गावात?"

"तो मला ओळख दाखवत नाही आणि मी त्याच्या दारात जाऊ? पुन्हा बोलू नकोस."

पण त्यांना जेवण गेलं नाही. बसमध्ये चढतानाही त्या घराकडेच बघत होते. इतकी वर्षं मला त्यांच्या हट्टाचा रागच यायचा, त्या दिवशी मात्र कीव आली.

बस गावाबाहेर पडताना शेवटच्या घरापाशी एमेतेरियो रस्त्याच्या मधोमध उभा. अंगात रविवारचा कोट. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला.

"म्हाताऱ्या, मरायचंय का?"

"तू गप रे! सातूरियो, उतर खाली! साऱ्या गावाला भेटलास, त्या चहाडखोर दामियानालासुद्धा. आणि माझ्या दारावरून तसाच निघालास?"

"आपण बोलत नाही, एमेतेरियो!" बाबा खिडकीतून ओरडले.

"नाहीच बोलत! बोलणं सोडलं मी. निरोप सोडला असं कधी म्हटलं? सकाळपासून दाढी करून बसलोय इथे!"

बसमधले सगळे हसले. बाबा उतरले. दोघं समोरासमोर उभे, पुढे काय करावं कोणालाच सुचेना. मग सवयीनं बाबांच्या तोंडून गेलं, "बरं, येतो मी. बेनिल्देला सांग विचारलं म्हणून."

बोलले आणि चपापले. बेनिल्दे, एमेतेरियोची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तू आला होतास तिच्या मातीला," एमेतेरियो म्हणाला. "चर्चमध्ये मागे, खांबाआड होतास. पाहिलं मी. सगळे रांगेनं आले, माझा हात धरून गेले. फादर म्हणाले, चला आता, संपले लोक. मी म्हटलं, थांबा, एक यायचाय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बाबांनी टोपी काढून काखेत धरली, एमेतेरियोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रांगेत म्हणायचे ते शब्द म्हटले.

"तुझ्या दुःखात मी तुझ्याबरोबर आहे, एमेतेरियो."

"देव तुझं भलं करो," त्यानं रीतीप्रमाणे उत्तर दिलं आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडू लागला.