पहिली फेरी

आत्या लिफ्टने सातव्या मजल्यावर सुखरूप पोचली. पण हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. तळमजल्यावरच्या लिफ्ट-मिस्त्रीला ते ठाऊक नव्हतं आणि त्याची जी काय शोभा झाली ती तेवढ्यामुळेच.

आत्या त्याची सख्खी, याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारी. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि इकडे लिफ्ट बंद पडली. आल्यापासून बिचारी पहारेकऱ्याच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भाच्याने ब्रेक बदलला, दोर तपासला, हात पुसले. आता राहिली पहिली फेरी. या धंद्यात दुरुस्तीनंतर मिस्त्री आधी स्वतः वर जाऊन येतो, मग लोक चढतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मोडतही कुणी नाही.

पूर्वी तो शीळ घालत आत शिरायचा. पण हल्ली रविवारी वाचनालयात तर्कशुद्ध विचाराचा वर्ग भरत होता आणि मिस्त्री तिथे जाऊन बसला होता. तिथल्या बाईंनी प्रश्न घातले आणि प्रत्येक उत्तरापुढे खात्री किती तेही लिहायला लावलं. त्याने सगळीकडे 'शंभर टक्के' लिहिलं. निम्मी उत्तरं चुकली. त्या दिवसापासून गडी साफ बदलला. बायकोने विचारलं, "माझ्यावर प्रेम आहे ना?" तर म्हणाला, "उपलब्ध पुरावा अनुकूल आहे." ती कूस बदलून झोपली.

"काय मिस्त्री, वर जाईल ना?" पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने विचारलं.

"शक्यता दाट आहे."

"आणि खाली?"

"खाली येण्याबद्दल मला काडीची शंका नाही."

दातांचा डॉक्टर जिन्याने गेला.

मिस्त्रीने एक पाय आत ठेवला. बाहेर काढला. दुसरा ठेवून पाहिला.

"अरे, नाचतोयस काय?" आत्या म्हणाली. "तपासलंस ना?"

"दोनदा."

"मग?"

"दोन्ही वेळा मीच तपासलं ना, आत्या. माणूस तोच."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याने चड्डीत शी केली की ती अशीच पाहायची, म्हणजे न रागावता. मग गुडघ्यांवर हात टेकून ती उठली आणि सरळ लिफ्टमध्ये शिरली.

"तू ये जिन्याने," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

दार मिटलं. मिस्त्री धावत सुटला. तिसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली आणि तिथेच कळलं, की जी खात्री स्वतःला पुरत नव्हती ती आत्याला मात्र बिनबोभाट पुरली होती. यावर बाईंनी काही शिकवलं होतं का, हे तो आठवू लागला. दातांच्या डॉक्टरला ओलांडताना त्याने तोंड भिंतीकडे केलं.

वर आत्या कुलूप उघडत होती.

"छान झालीय रे लिफ्ट. हिसकाही बसला नाही. पाणी पितोस?"

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"एक विचारू?" पाणी देताना ती म्हणाली. "मिटणाऱ्या दारात हात घातला की ते उघडतं ना? मागे तूच दाखवलं होतंस."

"हो."

"नाही, सहज विचारलं."

मग त्याने तो का घातला नाही, याचं उत्तर टक्क्यांत येत नव्हतं. त्याला ठसका लागला. तिने पाठ थोपटली, त्यामुळे त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली तो लिफ्टनेच आला. बघायला कुणी नव्हतं. हिसका खरंच बसला नाही. मग खाली बसून त्याने कामपूर्तीच्या कागदावर लिहिलं:

'ब्रेक बदलला आहे. लिफ्ट चालू आहे. तरी मा. इमारत समितीस सविनय विनंती, की सदर लिफ्टची दुसरी फेरी हीच पूर्वलक्षी प्रभावाने पहिली फेरी समजण्यात यावी, त्याआधीची फेरी झालीच नाही असे मानण्यात यावे आणि तसे सातव्या मजल्यावरील रहिवासी आत्या यांस समितीमार्फत परस्पर कळवण्यात यावे.'