फक्त पक्ष्यांविषयी

"अहो, भात गार होतोय. कुणाला हाकलताय आता?" बायकोनं आतून विचारलं.

"एक बाई आहे. पक्ष्यांच्या गटात मुलाचं रडगाणं घेऊन बसलीय," विर्योनो म्हणाला आणि त्यानं ती पोस्ट दुसऱ्यांदा उडवली.

टेगल शहराच्या पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या शौकिनांचा हा इंटरनेटवरचा गट सांभाळत होता. मागं निवडणुकीच्या दिवसांत तिथं इतकी शिवीगाळ झाली की जाणती माणसं सोडून गेली. तेव्हा विर्योनोनं नियम केला, इथं फक्त पक्ष्यांविषयी. सख्ख्या जावयाच्या दुकानाची जाहिरातही त्यानं ठेवली नव्हती, आणि हे तो चारचौघांत सांगायचा.

बाईचं नाव कास्मिरा. 'माझा तार्मुजी परदेशी मासेमारी जहाजावर आहे. कित्येक महिने फोन नाही. कुणाचं माणूस आहे का त्या जहाजावर?' असं तिनं जहाजाच्या नावासह लिहिलं होतं. विर्योनोनं नियम कळवला. तिचं उत्तर आलं, 'तो तुमच्याच गटात होता. तिथली माणसं चांगली आहेत म्हणायचा. मला दुसरी जागा ठाऊक नाही.'

विर्योनो क्षणभर थांबला. मग त्यानं तिला गटातूनच काढून टाकलं.

महिन्याभरानं पेमालांग गावाहून दार्योतो नावाच्या सभासदाचा फोन आला. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'पाक' म्हणत तो बोलू लागला.

"पाक विर्यो, ती जहाजवाली पोस्ट कुठं गेली हो? माझा मेव्हणा त्याच जहाजावरून परत आलाय. त्याला हाक मारून आणेतो पोस्ट गायब! वाटलं, बाईला कळलं असेल, तिनंच काढली. पण पिशवी न्यायला कुणीच येईना."

"कसली पिशवी?"

"पोराची. तापानं गेला तो. समुद्रातच सोडला त्याला."

विर्योनो पेमालांगला जाऊन पिशवी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी कास्मिराचं गाव शोधत निघाला. गटाचं नाव ऐकताच तिनं त्याला आत बसवलं, चहा ठेवला.

"माफ करा हं, पाक. मला लिहितावाचता येत नाही, शेजारणीकडून लिहून घेतलं. चुकीच्या जागी पडलं का?"

वाटेत जुळवलेलं वाक्य विर्योनोनं सोडून दिलं. त्यानं पिशवी पुढं ठेवली. तिनं एक सदरा काढला, नाकाशी धरला.

"कधी?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती बोटांवर मोजू लागली.

"म्हणजे चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना राहिली त्याची. शंभराव्या दिवसाचीही."

"शंभरावा दिवस गेल्या आठवड्यात झाला, बाई. तुमची पोस्ट मी काढली नसती, तर तेवढी तरी..."

तिनं सदऱ्याची घडी घातली. चहा तसाच राहिला.

"आता तुम्हीच लिहा," शेवटी ती म्हणाली. "त्याच्या मित्रांना कळू दे."

विर्योनोनं तिथंच बसून स्वतःच्या नावानं लिहिलं. थोड्या वेळात त्याच्या जोडीदार ॲडमिनचा फोन आला. "पाक, ही विषयाबाहेरची आहे. चुकून पडली का? काढू?"

"राहू दे."

उत्तरं येऊ लागली. विर्योनो एकेक मोठ्यानं वाचू लागला. बहुतेकांनी दोन शब्दांची प्रार्थना लिहिली होती. सोलो शहरातल्या एकानं लिहिलं होतं, 'माझा पक्षी आजारी होता तेव्हा तार्मुजीनं ओळखदेख नसताना बसनं औषध पाठवलं.'

"हा कुठला म्हणालात?" कास्मिरानं विचारलं.

"सोलोचा."

"परत वाचा."

विर्योनोनं चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला लागला.