डावीकडचं राहिलं

नीलिमाने पिस्तूल हातात घेतलं, याचं अभिजितला काहीच वाटलं नाही. ती ते चुकीचं धरते, याचं मात्र फार वाटलं.

"अंगठा वर घे, नीलू."

"तू कधी धरलंयस?"

"धरायला कशाला पाहिजे? व्हिडिओ बघितलेत मी."

कोविडमुळे दीड वर्ष दोघं आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या घरात कोंडून काम करत होते. ती जवळच्याच रिंगास्किडीतल्या एका औषध कंपनीची कागदपत्रं तपासायची, तो कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर. या काळात अभिजितला एक शोध लागला होता. आपली बायको चौदा वर्षं सगळंच थोडं थोडं चुकीचं करत आली आहे. फोडणीत हिंग उशिरा, ईमेलमध्ये स्वल्पविराम जास्त, कपाटात डबे उलटे. तो ओरडायचा नाही. माणूस सज्जन. "मी फक्त सांगतोय," म्हणायचा. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. फक्त सांगणाऱ्याशी काय भांडणार? केटलच्या तळाशी चुना साचतो तसा नीलिमाचा राग साचत गेला.

२०२१च्या उन्हाळ्यात देश जरा उघडला आणि ऑफिसातली नोरीन म्हणाली, "आमच्या क्लबात ये." क्लब म्हणजे शेतातली पत्र्याची शेड. खऱ्या पिस्तुलाने असलं धावपळीचं शूटिंग करायला आयर्लंडमध्ये कायद्याने बंदी, म्हणून ही मंडळी प्लास्टिकचे छरे उडवणारी पिस्तुलं कमरेला लावून पिंपांच्या आणि दारांच्या आडून कागदी टार्गेटं टिपत पळायची. वयं चाळीस ते सत्तर. पण चेहरे असे, की जणू अख्ख्या जिल्ह्याचं संरक्षण यांच्याकडेच.

नीलिमाला सगळ्यात आवडली ती गुण मोजायची पद्धत. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. बस्स. त्यात कुणाचं मत नाही. ऑफिसात बढती दुसऱ्याला देऊन "यू आर ग्रँड", म्हणजे तुझं छान चाललंय, म्हणणारा साहेब नाही, घरात हिंगाचा तज्ज्ञ नाही. तिला एवढंच हवं होतं की पहिली मॅच पुरी व्हावी आणि निकालात आपल्या नावापुढे एक आकडा यावा. शेवटचा नंबर आला तरी चालेल, पण आकडा आपला.

सप्टेंबरात मॅच ठरली. नोरीन म्हणाली होती, "मी नेते." पण फोन स्पीकरवर होता, आणि अभिजितने पलीकडून सांगून टाकलं, "कशाला? मी आहे ना."

तो होताच. नीलिमाकडे अजून शिकाऊ परवाना. ड्रायव्हिंग टेस्टची रांग कोविडमुळे कुठल्या कुठे गेलेली, आणि तोवर शेजारी पक्क्या परवान्याचा माणूस हवाच. म्हणजे अभिजितने शेजारी बसून सांगत राहावं, अशी सरकारचीच सोय. शेड येईपर्यंत त्याने क्लच, आरसा आणि एक मेंढी यांच्याबद्दल सांगितलं.

पंच होता डेक्लन, निवृत्त पोस्टमन. त्याने नवीन लोकांना बाजूला घेतलं. "तपकिरी टार्गेटवर दोन-दोन छरे. पांढऱ्याला हात लावायचा नाही, तो बिचारा निरपराध. आणि एक गोष्ट. नळी कायम समोर. पाय कुठेही जाऊ देत, नळी मागे वळली की मॅच संपली. छरा असो की बंदुकीची गोळी, नियम तोच. रडायचं असेल तर चहा आहे."

फेऱ्या होत गेल्या. नीलिमा हळू होती, पण नेमकी. एकाही पांढऱ्याला छरा लागला नाही. शेवटच्या फेरीआधी डेक्लन तिचा गुणांचा कागद बघून नुसतं "हं" म्हणाला, आणि त्या "हं"ने ती दोन इंच उंच झाली.

टायमर वाजला. पहिलं पिंप, दोन टार्गेटं. खिडकी, दोन टार्गेटं. शेवटच्या पिंपाकडे निघाली, तिथे उजवीकडे एक तपकिरी उरलं होतं. तेवढं झालं की झालं.

"अगं, डावीकडचं राहिलं! डावीकडचं!" मागून अभिजितचा आवाज आला.

डावीकडचं पांढरं होतं.

चौदा वर्षांचं साचलेलं एकदम उकळलं. "पांढरं आहे ते!" म्हणून ती गर्रकन वळली. हात तिच्याबरोबर वळला आणि हाताबरोबर पिस्तूल.

"स्टॉप!"

डेक्लनने शांतपणे पिस्तूल रिकामं करवून घेतलं, कमरेच्या खोळीत ठेवायला लावलं. मग म्हणाला, "सॉरी, लव्ह. बाद."

अभिजित प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी धावत आला. "एक मिनिट, सर. चूक माझी आहे. मी हाक मारली."

"पिस्तूल तिच्या हातात होतं," डेक्लन म्हणाला.

"टेक्निकली हो, पण नियम जरा असा पाहिजे की..."

"अभि!" नीलिमाचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "ते पांढरं होतं! अख्ख्या शेडमध्ये एकट्या तुला दिसलं नाही!"

"बरं, पण मग वळलीस कशाला?"

दिवसभरात तो पहिल्यांदाच बरोबर बोलला होता. ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"चल," तो समजुतीने म्हणाला. "आपलं संपलं ना आता."

"आपलं?" तिने खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्या हातावर आपटली. "तुझं संपलं. मला नोरीन सोडेल. पुढच्या महिन्यातही तीच आणेल."

"म्हणजे मी यायचंच नाही?"

"नाही."

"अगं, मी फक्त सांग..."

"सांगितलंस. पुष्कळ सांगितलंस. जा."

तो गेला. जाताना आपलं नेमकं काय चुकलं याचा प्रामाणिक विचार त्याच्या चेहऱ्यावर होता. तोही तिला बघवला नाही.

बाद झालेल्याने घरी पळायचं नाही, थांबून टार्गेटांवरची भोकं बुजवायची, अशी तिथली रीत. नोरीनने चिकटपट्टीचं एक रीळ तिच्या हातात दिलं. निकालात तिच्या नावापुढे आकडा नव्हता, नुसतं "बाद". डेक्लनला ती म्हणाली, "ऑक्टोबरला माझं नाव लिही." त्याने लिहिलं.

मग ती भोकं बुजवू लागली. पट्टी तिने रागाने ओढून तोडली. पहिली पट्टी वाकडी बसली, अर्धं भोक उघडंच राहिलं. नोरीनने ते पाहिलं आणि आपलं रीळ घेऊन ती पुढच्या टार्गेटकडे गेली.