साधूची पुडी

पुडी सोडून भय्यासाहेबांनी चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं, वर ताकाचा घोट घेतला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं,

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही!"

शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंनी पदर सावरला. नवऱ्याची गोष्ट सुरू होणार होती, आणि तिच्यात साधू येणार होता.

जबलपूरहून गोंदियाला जाणारी छोटी, अरुंद रुळांची गाडी नुकतीच नर्मदेकाठच्या ग्वारीघाटाहून सुटली होती. डब्यात संडास नव्हता. एवढ्या एका कारणापायी भय्यासाहेब चार वर्षं नागपूरला लेकीकडे गेले नव्हते. त्यांचं पोट जबलपुरातल्या त्यांच्या साऱ्या घमापूर मोहल्ल्यात प्रसिद्ध होतं. दारात टांगा आला की ते बिघडायचं, कचेरीत साहेबानं बोलावलं की गुरगुरायचं. एकदा तर म्हणे ती गुरगुर ऐकून शंख वाजला असं गुरुजींना वाटलं आणि त्यांनी पूजेआधीच आरती सुरू केली. आता त्या लेकीच्या, जयाच्या धाकटीचं बारसं होतं. ‘बाबा आल्याशिवाय पाळणा हलणार नाही,’ असं तिनं कळवलं होतं.

"तो घाट मागं राहिला ना, मास्तर," भय्यासाहेब समोरच्या पुंडलिक मास्तरांना म्हणाले. मास्तर बालाघाटच्या शाळेत शिकवायचे. ओळख होऊन दहाच मिनिटं झाली होती. "तिथंच तो साधू. वय एकशे चाळीस. दर सोमवारी पैलतीरावरून मगरींच्या पाठीवर पाय देत देत यायचा. आमच्या हिला सात पुड्या द्यायचा आणि एक हुकूम."

"मगरींच्या पाठीवर?"

"सात मगरी. आठवी आजारी होती."

मास्तरांनी मान डोलावली. सत्यभामाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मगरी त्यांच्या नव्हत्या. त्यांनी फक्त साधू सांगितला होता.

झालं होतं असं, की डॉक्टरांनी पोट ठोकून, दाबून पाहिलं आणि सांगितलं, रोग काही नाही, आतडं हळवं आहे. एकेक पदार्थ बंद करून पाहा, कशानं बिघडतं ते कळेल. रोगच नाही तर पथ्य कशाचं, असं म्हणत भय्यासाहेब बाहेर पडले आणि वाटेत पावशेर खव्याची जलेबी खाऊन घरी आले. या माणसाच्या कानात उपदेश शिरत नाही, गोष्ट शिरते, हे सत्यभामाबाईंना सव्वीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. पुढच्याच सोमवारी त्या नर्मदेवर स्नानाला गेल्या, आणि परत येऊन जन्मातलं पहिलं खोटं बोलल्या.

"पहिल्या सोमवारी दूध गेलं," भय्यासाहेब सांगत होते. "दुसऱ्या सोमवारी कच्चा कांदा. तिसऱ्या सोमवारी चण्याची डाळ न् बेसन. चौथ्याला वांगं धरलं. पण पाचव्या सोमवारी साधू म्हणाला, वांगं निर्दोष आहे, सोडा त्याला! सुटलं बिचारं. जेवायचं थोडं थोडं, वेळच्या वेळी. पाच महिने झाले, मास्तर. पोट असं गप्प बसून राहिलं, की मधूनच हात लावून पाहतो, आहे का म्हणून."

पुढचं स्टेशन आलं. "भजिये! गरम, प्याजवाले!" भजीवाला खिडकीशीच उभा राहिला. भय्यासाहेबांचं नाक आपोआप तिकडं वळलं. सत्यभामाबाईंची बोटं ताकाच्या तांब्यावर आवळली गेली.

"नहीं भैया, आगे बढ़ो," भय्यासाहेब म्हणाले. "साधूची आज्ञा नाही."

"बघू तरी मला ते चूर्ण," मास्तरांनी हात पुढं केला. चिमूट जिभेवर ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही तर सुंठ न् भाजलेलं जिरं."

"मास्तर, चिवडा घ्या ना थोडा," सत्यभामाबाई घाईनं म्हणाल्या. गाडी अजून हलली नव्हती, भजीवाला दोनच खिडक्या पुढं होता. साधू इथंच संपला तर पुढचा सारा प्रवास संपला.

पण मास्तर आता पुडीचा कागद उजेडाकडे धरून होते. तो कागद कुठला, हे सत्यभामाबाईंना ठाऊक होतं. नवऱ्याची पत्रं म्हणजे सबबीला रंग चढेपर्यंत दहा-दहा खर्डे. टाकून दिलेल्या त्या खर्ड्यांची पेटी भरलेली होती, आणि पुड्या बांधायला त्यांनी तेच कागद फाडले होते.

"‘चि. जयास अनेक आशीर्वाद,’" मास्तर वर्गात वाचावं तसं वाचू लागले. "‘नर्मदेच्या पुलावर वाघ बसला असल्यामुळे यंदाही येणे जमत नाही. तो उठताच निघतो...’ भय्यासाहेब! अहो, हा कागद तर तुमच्याच घरचा, हे सगळं खोटं आहे! साधूही खोटा न् वाघही खोटा!"

भजीवाला आशेनं परत आला. भय्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मास्तरांच्या हातातून कागद घेऊन त्यांनी त्याची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि ताकासाठी बायकोपुढं पेला धरला.

"वाघ तेवढा माझा," ते म्हणाले. "साधू हिचा. पहिल्याच पुडीला ओळखला मी."