उभ्या उभ्या व्हेनिस

"सांगितलंस ना त्यांना?" गाडीत बसल्या बसल्या रायसाने विचारलं.

"सांगितलं," झिना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी अजून पादुआच्या स्टेशनातच उभी होती.

"मग? रडली का म्हातारी?"

"नाही."

"बघ! मी काय म्हणत होते? आपणच जीव टांगणीला लावून बसतो. चार दिवसांत दुसरी बाई ठेवतील आणि तिलाही झिनाच म्हणतील."

झिनाने कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं. सकाळी घरच्या म्हातारीला, सिन्योरा इर्माला, अंघोळ घालताना सांगायचं ठरलं होतं. पण अंगाला साबण लावलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईला 'मी कायमची चालले' असं कसं सांगायचं? म्हणून ते जेवणावर ढकललं. जेवणाच्या वेळी सिन्योराची लेक दोनातेल्ला आली, तीच कपाळ धरून. डोकं दुखणाऱ्या माणसाला तरी काय सांगणार? झिनाने पायांत बूट सरकवले, पिशवी घेतली आणि जिना उतरली. धीर करायला माणसाला जागा लागते, आणि त्या घरात झिनाच्या वाट्याला एक पलंग आणि अर्धं कपाट होतं.

रविवारी पहाटे ग्रिशाची व्हॅन त्यांच्या देशाला, मोल्दोव्याला निघणार होती. तिच्यात दोन जागा धरलेल्या होत्या, एक रायसाची आणि एक झिनाची. आज रात्री आठपर्यंत पक्कं कळवायचं, नाहीतर जागा दुसरीला देणार, असं ग्रिशाने बजावलं होतं. ग्रिशाच्या व्हॅनसाठी बायका महिनाभर आधी नंबर लावतात.

दोघी एकाच गावच्या. झिना तिथे बालवाडीत स्वयंपाकीण होती आणि रायसा टपाल कचेरीत. बालवाडी बंद पडली, टपालाचंही तसंच झालं, आणि दोघी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला इटलीत आल्या. त्याला तेरा वर्षं झाली. गुरुवारी दुपारी दोन ते रात्री आठ ही त्यांची सुट्टी. तेरा वर्षांतले सगळे गुरुवार स्टेशनमागच्या बागेतल्या बाकावर गेले. व्हेनिस तिथून गाडीने अर्ध्या तासावर होतं आणि दोघींपैकी एकीनेही ते पाहिलं नव्हतं.

"गावात पहिला प्रश्न काय येणार? व्हेनिस पाहिलंस का?" रायसाने गेल्या गुरुवारी जाहीर केलं होतं. "आणि मी काय सांगू? औषधाचं दुकान पाहिलं, त्याच्या शेजारचं औषधाचं दुकान पाहिलं! ते काही नाही, जायच्या आधी जाऊन यायचं. पोट भरून बघायचं आणि खिसा उघडायचा नाही."

रायसाला जायचंच होतं. तिची म्हातारी फेब्रुवारीत वारली होती आणि दुसरं घर धरायची तिला इच्छा उरली नव्हती. झिनाचं तसं नव्हतं. तिची स्वतःची आई गावात होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेली. झिना पैसे पाठवायची आणि त्या पैशांवर शेजारची दोम्निका तिला बघायची. तेरा वर्षांत आईने कधी 'ये' म्हटलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र दोम्निकाने फोन तिच्या कानाला लावला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झिनुत्सा, आता ये." ते ऐकल्यापासून झिनाच्या तोंडची चव गेली होती.

गाडी समुद्रावरच्या लांब पुलावर आली. "बघ, बघ, दोन्हीकडे पाणी!" रायसा ओरडली, आणि नेमका त्याच वेळी झिनाचा फोन वाजला.

"झिना, माझा चष्मा कुठे आहे?" सिन्योरा इर्माचा आवाज.

"तुमच्या नाकावर बघा, सिन्योरा."

"नाकावर नाही. मी काय वेडी आहे?"

"मग पलंगाशेजारचा खण. वरचा नाही, दुसरा. औषधाच्या डबीखाली."

पलीकडे खण उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आणि दोनातेल्लाने उसासा टाकल्याचा आवाज आला. चष्मा सापडला. तोवर पूल संपला होता आणि रायसाने कपाळावर हात मारून घेतला होता.

स्टेशनच्या पायऱ्यांवरून समोरच कालवा दिसला. झिना क्षणभर थांबली. हिरवं पाणी, त्यात घरांचे पाय बुडालेले, वर उन्हाचे कवडसे. खरोखरच होतं तसं, चित्रातल्यासारखं. तिला उगीचच भरून आलं. मग माणसांचा लोंढा आला आणि दोघी त्याच्याबरोबर गल्लीत ढकलल्या गेल्या.

पाण्यावरच्या बसच्या तिकिटाचा दर रायसाने वाचला आणि पाटी खोटी असल्यासारखा परत एकदा वाचला. "चालू या," ती म्हणाली. चालायचं म्हटलं, तरी झिनाला चालता येत नव्हतं. ती चार पावलं टाकून थांबायची, प्रत्येक पुलाच्या पायरीशी आपोआप डावा हात पुढे करायची.

"कुणासाठी थांबतेस गं? तुझी म्हातारी घरी आहे!" रायसा म्हणाली.

"सवय."

"सवय मोड आता. रविवारपासून बकऱ्यांच्या मागे धावायचंय."

चार वाजता भूक लागली. एका देवळाच्या पायऱ्यांवर बसून रायसाने फडकं सोडलं. सध्या ती जिथे टेकली होती तिथल्या स्वयंपाकघरात पहाटे उठून चोरून केलेल्या प्लाचिंता, म्हणजे चीज आणि शेपू भरलेल्या पोळ्या होत्या, शिवाय उकडलेली अंडी. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी समोर येऊन उभी राहिली.

"पायऱ्यांवर बसून खायला बंदी आहे. दंड होतो."

"देवाच्या दारात?" रायसाने विचारलं.

"दारात नाही, पायऱ्यांवर."

"आणि उभं राहून?"

पोरगीने विचार केला. "उभं राहून कुणी काही म्हणत नाही."

मग दोघींनी भिंतीला टेकून उभ्याने खाल्लं. "तेरा वर्षं बसायला मिळालं नाही, म्हटलं आज तरी बसू," रायसा अंडं सोलत म्हणाली. "एवढ्या मोठ्या शहरात बुड टेकायला पैसे पडतात, ऐकलंयस कधी?" झिना हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. हसताना तिला वाटलं, आत्ताच रायसाला खरं सांगून टाकावं. पण रायसा गावातल्या विहिरीबद्दल बोलत होती, कुंपण कुठल्या रंगाने रंगवायचं ते सांगत होती, दोघींनी मिळून बदकं पाळायची म्हणत होती. झिनाने प्लाचिंताचा तुकडा तोंडात कोंबला.

गोंडोलाचा भाव विचारायचं धाडसही रायसानेच केलं. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेल्या नावाड्याने नव्वद युरो सांगितले. रायसाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "नव्वदमध्ये तूसुद्धा मिळणार का?" ती मोल्दोव्याच्या भाषेत म्हणाली, आणि त्याला काही कळलं नाही तरी तो हसला.

पण रायसा अशी हार मानणारी नव्हती. गुरुवारी बागेत भेटणाऱ्या लुदाने तिला एक युक्ती सांगून ठेवली होती. मोठ्या कालव्यावर जिथे पूल नाही, तिथे या काठावरून त्या काठावर सोडणारी नाव असते. तीही गोंडोलाच, फक्त जुनी आणि नटवलेली नाही. माणशी दोन युरो. दोन मिनिटांत पलीकडे, आणि जायचं उभ्याने.

"पुन्हा उभ्याने," झिना म्हणाली.

"फोटोत कुठे कळतंय? आण तुझा फोन. दोम्निकाला पाठवू, ती आईला वर्णन करून सांगेल. 'तुमची झिना गोंडोलात राणीसारखी उभी आहे' म्हणावं."

नावेत आधीच दोनतीन माणसं उभी होती. रायसा फोन घेऊन पुढच्या टोकाला गेली. झिना चढली आणि तिच्यामागून एक म्हातारा, हातात मटारच्या शेंगांची पिशवी घेऊन, नावेत पाय टाकायला लागला. नाव हलली. पुढचं झिनाने ठरवून केलं नाही. तिचा डावा हात त्याच्या कोपराखाली गेला, उजवा पाठीमागे, आणि तोंडातून शब्द बाहेर पडले, "हळू. आधी उजवा पाय. शाब्बास."

म्हातारा जागच्या जागी थबकला. "बाई," तो म्हणाला, "मी सत्तर वर्षं या नावेतून ये-जा करतोय. सोडा मला."

"हो, सोडते," झिना म्हणाली आणि तिने सोडलं नाही. नाव काठापासून सुटली होती. पायाखालची फळी डुलत होती आणि तिची नजर म्हाताऱ्याच्या बुटांवर खिळली होती. डाव्या बुटाची नाडी सैल होती. दोन्ही काठांवर राजवाडे होते म्हणे.

"इकडे बघ! वर बघ गं!" रायसा ओरडली. आणि फोन वाजला.

रायसाने पडद्यावरचं नाव पाहिलं. "पुन्हा त्याच! थांब, आज मीच बोलते." झिना "नको" म्हणेपर्यंत तिने फोन कानाला लावलाही होता. "हॅलो! दोनातेल्लाबाई, मी तिची मैत्रीण. अहो, निदान तीन दिवस तरी तिला सुखाने जगू द्या! रविवारी ती निघणारच आहे, मग चष्मा कोण शोधून देणार? ... कुठे म्हणजे? घरी. आपल्या घरी. तिने सांगितलंय की तुम्हाला!"

पलीकडचं बोलणं झिनाला ऐकू आलं नाही, पण रायसाचा चेहरा पडताना दिसला. रायसाने फोन कानापासून दूर केला आणि ती झिनाकडे बघत राहिली. झिनाला तिच्याकडे जायचं होतं. मध्ये हलती नाव होती, माणसं होती आणि हातात परक्या म्हाताऱ्याचा कोपर होता.

"पोरी," म्हातारा हलकेच म्हणाला, "आता तूच पडशील. धर, धर मला."

काठ आला. झिनाने फोन घेतला. दोनातेल्ला रडत नव्हती, रागावलीही नव्हती, ते जास्त वाईट होतं. "झिना, हे खरं आहे?" ती विचारत होती. "मम्माने ऐकलं. ती दारात खुर्ची लावून बसलीय. सांग मला, मी तिला काय सांगू?"

झिनाने डोळे मिटले. सांगायचं ते आपसूक सांगून झालं होतं. 'हो' एवढंच म्हणायचं उरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीला थट्टा करायची खोड आहे. सिन्योराला सांगा, आठला येते. सूप मी आल्यावर गरम करते म्हणावं."

रायसा काठावरच्या मासळीबाजाराच्या खांबाला टेकून उभी होती. दुकानं धुऊन बंद झाली होती. दगडी फरशीवरून पाणी वाहत होतं.

"मला कशाला फसवलंस?" ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी बदकांची नावं ठरवत होते, गाढवासारखी. आणि ही इर्मा तुझी कोण लागते? तिकडे आई 'ये' म्हणतेय!"

"सहा वर्षांपूर्वी गेले होते ना मी," झिना म्हणाली, "आठ दिवस. तेव्हा आईने मला मोठ्या खोलीत झोपवलं."

त्यांच्याकडे प्रत्येक घरात एक मोठी खोली असते. भिंतीवर गालिचे, कोपऱ्यात हुंड्याच्या उशांची रास. घरचं माणूस तिथे झोपत नाही. तिथे पाहुणा झोपतो, नाहीतर दफनाआधी मढं ठेवतात.

"मान दिला तिने तुला," रायसा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"मान नको होता गं मला. मला तिच्याशेजारी चुलीमागच्या उबेच्या ओट्यावर, ती रोज झोपते तिथे, झोपायचं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणते, 'छे छे, तू एवढ्या लांबून आलीस, तुला टोचेल.' आठ दिवस मला एक भांडं धुऊ दिलं नाही. मी यायचे तेव्हा उठून उभी राहायची, रायसा. माझी आई. मला बघून उभी राहायची." झिनाने नाक पुसलं. "इर्माच्या घरी निदान मला माहीत आहे, काय कुठे ठेवलंय. तिथेही माझं काही नाही. पण तिथे मी घरात आहे. इकडे नोकर, तिकडे पाहुणी. मग जाऊ कुठे?"

रायसाने फोन काढला आणि ग्रिशाला एकच जागा सांगितली. सांगताना तिने झिनाकडे पाहिलं नाही. मग झिनाच्याच फोनमधला नावेतला फोटो उघडून तिच्यापुढे धरला. फोटोत एक जाडसर बाई वाकून एका म्हाताऱ्याच्या बुटांकडे बघत होती. मागचं शहर थोडं हललेलं होतं.

"हा पाठवू?"

"नको."

सगळं जग ज्याच्यासाठी येतं तो मोठा चौक बघायचा राहिला. तिथे जाऊन परतलं असतं तर आठ उलटून गेले असते. परतीच्या गाडीत दोघींना समोरासमोर जागा मिळाली. पूल आला तेव्हा रायसाने पाण्याकडे बोट दाखवलं नाही.

"आईला काय सांगू?" तिने विचारलं. "जाणार तर मी आहेच तिच्याकडे. काही करायचं असेल तिचं, तर सांग."

"नखं काप," झिना लगेच म्हणाली, कामाचं बोलायला मिळाल्यासारखी. "पायांची. डोळे गेलेल्या माणसाचे पाय कुणी बघत नाही. आधी कोमट पाण्यात पाव तास बुडवून ठेव, मीठ टाक थोडं. कोपरे गोल कापायचे नाहीत, सरळ कापायचे. आणि बोलत राहायचं, म्हणजे दचकत नाहीत."

"कुठे दुखतं का तिला? कुठलं बोट सांभाळायचं?"

झिनाने सांगायला तोंड उघडलं. डाव्या करंगळीचं नख आत वाढतं, उजव्या टाचेला भेग आहे, अंगठ्याच्या खाली हात लागला तर गुदगुल्या होतात. पण ते सगळं सिन्योरा इर्माचं होतं. आईने ते आठही दिवस नवे मोजे घातले होते, पाहुणी आली म्हणून.

"तू बघ," झिना म्हणाली, "आणि मला फोन करून सांग."